नोटेवरचा गहूवाला आणि त्याच्या नावाची शाळा

जानेवारी सरता सरता ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थ गावात दोन गर्द्या एकामागून एक येतात. पहिली गाणाऱ्यांची. ‘कंट्री’ संगीताचा तिथला सर्वांत मोठा उत्सव दर जानेवारीत याच गावात भरतो आणि तेवढे दिवस रस्त्यावर गिटार नसलेला माणूस शोधावा लागतो. ही गर्दी पांगते न पांगते तोच दुसरी येते. उन्हाळ्याची सुट्टी संपवून वसतिगृहात परतणारी मुलं, त्यांच्या ट्रंका, आणि धुळीने माखलेल्या गाड्यांतून लांबलांबून त्यांना पोचवायला आलेले आईबाप. सिडनीच्या उत्तरेला साधारण चारशे किलोमीटरवरच्या या गावाबाहेर, कलाला नावाच्या भागात, ‘फॅरर मेमोरियल अ‍ॅग्रिकल्चरल हायस्कूल’ आहे. १९३९ साली सुरू झालेली ही मुलग्यांची सरकारी निवासी शाळा. बारा वर्षांचं पोर इथे सातवीत येतं आणि बारावी करून बाहेर पडतं. गणित, इंग्रजी, विज्ञान कुणालाच चुकत नाही. पण शाळेला स्वतःचं शेत आहे, मेंढरं आहेत, गुरं आहेत, आणि वेळापत्रकात त्यांचाही तास असतो.

आपल्याकडे शाळा सुरू होणं आणि पाऊस सुरू होणं या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत. इकडे नवं दप्तर आणि छत्री, तिकडे शिवारात तिफण. त्यामुळे शेतीची शाळा म्हटली की पहिल्या आठवड्यात पेरणी असणार, असंच आपल्या मनात येतं. टॅमवर्थला सगळं उलटं. तिथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी सुरू होतं, म्हणजे भर उन्हाळ्यात. गहू नोव्हेंबर-डिसेंबरातच काढून झालेला असतो. आसपासच्या काही रानांत ज्वारी उभी असते, पण गव्हाच्या रानांत नुसती धसकटं. पुढची पेरणी थेट मे महिन्यात. शेतीच्या शाळेचं पहिलं सत्र सुरू होतं तेच मुळी शेतात काही नसताना. मग शिकवतात काय?

या एका प्रश्नामागे जाताना मी आधी जमिनीखाली दोन मीटर गेलो, मग वापरातून गेलेल्या एका चलनी नोटेवर, तिथून उत्तर प्रदेशातल्या इटाव्याला, आणि शेवटी अगदी आपल्या साताऱ्या-सांगलीच्या खपली गव्हापाशी येऊन पोचलो. क्रमाने सांगतो.

आधी मुलांविषयी थोडं. इतक्या लहान वयात पोराला वसतिगृहात का ठेवायचं, असं आपल्याला वाटेल. नकाशा पाहिला की उत्तर मिळतं. न्यू साऊथ वेल्स या राज्याचा पश्चिमेकडचा भाग इतका विरळ वस्तीचा आहे की जवळचा शेजारी कित्येक किलोमीटरवर, आणि माध्यमिक शाळा त्याच्याही पलीकडे कुठेतरी. अशा मुलांसाठी १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला ‘स्कूल ऑफ द एअर’ निघाली. विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांच्या बिनतारी यंत्रणेवरूनच मास्तर शिकवायचे आणि मुलं आपापल्या घरून उत्तरं द्यायची. आता रेडिओच्या जागी उपग्रहावरून येणारं इंटरनेट आहे, पण पद्धत तीच. प्राथमिक शाळा अशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून केलेलं एखादं मूल वसतिशाळेत येतं, तेव्हा वर्ग भरून मुलं म्हणजे काय असतं हे ते पहिल्यांदाच बघत असतं. मेंढ्या हाकणं, कुंपणाची तार ओढणं त्याला जमतं. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी काय बोलायचं हे शिकावं लागतं. अशा मुलांच्या राहण्याच्या खर्चाला हातभार लावायला केंद्र सरकारची १९७३ पासूनची योजनाही आहे.

आता ते रिकामं रान.

टॅमवर्थच्या नैर्ऋत्येला लिव्हरपूल प्लेन्स नावाचा पठारी मुलूख आहे. तिथली माती पाहिली तर सोलापूरच्या शेतकऱ्याला परकं वाटणार नाही. काळीभोर, चिकण, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात पाय उचलू न देणारी. साम्य वरवरचं नाही. आपली काळी जमीन दख्खनच्या बेसॉल्टातून झाली, तिथली लिव्हरपूल डोंगररांगेच्या बेसॉल्टातून. दोन्हीकडे तोच खडक, तीच फुगणारी-आक्रसणारी चिकणमाती. आणि पीक घेण्याची युक्तीही तीच. आपली मालदांडी ज्वारी पावसाळ्यात पेरत नाहीत. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, पाणी मुरू द्यायचं, आणि पाऊस ओसरला की त्या ओलीवर रब्बी काढायची. टॅमवर्थकडे पाऊस जास्त पडतो तो उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी. गहू हे तिथलं हिवाळी पीक. म्हणजे जानेवारीत पडणारा पाऊस सप्टेंबरात फुलोऱ्याला येणाऱ्या गव्हासाठी असतो. मधले सात-आठ महिने ते पाणी मातीनेच धरून ठेवायचं.

किती धरते? चांगली खोल काळी माती पिकाच्या मुळांना उपसता येईल असं दोनशे मिलिमीटरपर्यंत पाणी साठवू शकते. मिलिमीटर म्हटलं की काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून हिशोब करून पाहिला. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. दोनशे मिलिमीटर म्हणजे वीस लाख लिटर. एकराचे आठ लाख. ना धरण, ना शेततळं, ना प्लास्टिकचा कागद. वरून पाहिलं तर नुसती धसकटं आणि पायाखाली आठ लाख लिटर पाणी! ‘पडीक’ या शब्दाने त्या रानावर मोठा अन्याय होतो.

अर्थात माती उदार असली तरी हवा तशी नाही. मोकळ्या रानावर पडलेल्या पावसाचा साधारण पाचवा-चौथा हिस्साच पेरणीपर्यंत टिकतो. बाकीचा वाफ होऊन जातो, वाहून जातो किंवा तण पिऊन टाकतं. म्हणून पहिल्या सत्रातली शेती म्हणजे मुख्यतः पाण्याची राखण. गव्हाची काढणी करताना ताटं उंच ठेवून कापतात आणि काड रानातच सोडतात. रान नांगरत नाहीत. उभ्या धसकटांमुळे पावसाचा मार थेट मातीवर बसत नाही, पाणी सावकाश भेगांतून खाली जातं आणि वारा जमिनीला लागत नाही. आपल्याकडेही आता शून्य मशागतीचा बोलबाला होऊ लागला आहे, पण स्वच्छ नांगरलेलं, ढेकूळ-काडी नसलेलं रान म्हणजे कष्टाळू शेतकऱ्याची खूण, हे आपल्या मनातून जायला वेळ लागेल. तिथल्याही गेला नव्हता सहजासहजी.

आणि हे साठलेलं पाणी मोजायचं कसं? महागडी यंत्रं आहेत, पण सर्वांत लाडकं हत्यार म्हणजे एक लोखंडी सळई. वर धरायला आडवी मूठ आणि खालच्या टोकाला सळईपेक्षा किंचित जाड असा गोळा. मुठीवर दोन्ही हातांनी भार टाकायचा. ओल्या मातीत ती अशी सरकत जाते की जोर लावणाराच दचकतो. मग एकाएकी थांबते. कितीही रेटा, पुढे जात नाही. तिथे ओल संपली, खाली कोरडी माती आहे. बोटाने खूण धरायची, सळई ओढून काढायची आणि पट्टीने लांबी मोजायची. टोकाचा गोळा जाड असल्यामुळे सळईच्या अंगाला माती घासत नाही. जो काय अडथळा लागतो तो फक्त टोकाला. एवढंसं डोकं वापरलंय, पण काय नेमकं! रानात दहा ठिकाणी सळई खुपसली की पाणी कुठवर गेलंय याचा नकाशाच तयार होतो.

यापुढचा हिशोब तर मला फारच आवडला. फ्रेंच आणि शुल्ट्झ या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९८४ साली अनेक रानांची आकडेवारी मांडून एक मर्यादा दाखवली. मातीतून नुसतंच उडून जाणारं पाणी वजा केलं, तर उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे हेक्टरी जास्तीत जास्त वीस किलो गहू होऊ शकतो. वीस किलोला दहा हजार लिटर, म्हणजे किलोला पाचशे. गव्हाने स्वतः पिऊन पानांवाटे सोडलेलं पाणी फक्त, आणि तेही सगळं मनासारखं जुळून आलं तर. त्यापेक्षा कमी गहू झाला, तर पाणी सोडून दुसरं काहीतरी चुकलं असं समजायचं: नत्र कमी पडलं, पेरणी लांबली, रोग आला. हा एक आकडा हातात असला की चौदा वर्षांचा मुलगासुद्धा स्वतःच्या बापाच्या रानाची परीक्षा घेऊ शकतो. बापाला ते किती रुचत असेल हा भाग निराळा.

पहिल्या सत्राची दुसरी लगबग गोठ्यात. ईस्टरच्या सुमाराला सिडनीत मोठं कृषिप्रदर्शन भरतं, १८२३ पासूनचं. त्याआधी गावोगावची लहान प्रदर्शनं. तिथे शाळाशाळांची मुलं गोऱ्हे घेऊन उतरतात. तोवर माणसाच्या हाताचा स्पर्श नसलेल्या चार-पाचशे किलोच्या जनावराला म्होरकी घालायची, बांधून उभं राहायला शिकवायचं, रोज धुवायचं, खरारा करायचा, आणि गर्दीतून, लाउडस्पीकरखालून दोरीने शांत चालत न्यायचं. शिकवणारा जनावरापेक्षा दहापट हलका. इथवर सगळं आपल्या बैलपोळ्याच्या मिरवणुकीच्या जवळचं वाटतं. पुढे वाटा फुटतात. काही स्पर्धांत तोच गोऱ्हा आधी उभ्याउभ्या जोखला जातो आणि मग कत्तलखान्यात मांस म्हणून, आणि दोन्ही गुणांची बेरीज होते. ज्याने महिनोन्‌महिने खरारा केला तो मुलगा रिकामी म्होरकी घेऊन परत येतो. आपल्या वाचकाला हे वाचवणार नाही, याची मला कल्पना आहे. पण ती शाळा मांस-लोकर विकणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची आहे, आणि ताटातलं मांस कुठून येतं हे लपवून ठेवायचं नाही, असं तिथलं धोरण आहे. ते मला, न आवडूनही, प्रामाणिक वाटतं.

आता शाळेच्या नावाकडे वळतो, कारण खरं आश्चर्य तिथे दडलंय.

१९६६ साली ऑस्ट्रेलियाने पौंड सोडून डॉलर आणला, तेव्हा दोन डॉलरच्या नोटेच्या एका बाजूला मेरिनो मेंढ्यांचा प्रसार करणारा जॉन मॅकार्थर होता आणि दुसऱ्या बाजूला दाढीवाला, गंभीर चेहऱ्याचा विल्यम फॅरर, गव्हाच्या ओंब्यांसकट. १९८८ मध्ये नोट जाऊन नाणं आलं. पण बावीस वर्षं एका देशाच्या खिशाखिशात गव्हाच्या जाती काढणारा माणूस फिरत होता. आपल्या पाच रुपयांच्या नोटेवर शेतकरी ट्रॅक्टर चालवताना दिसतो, तोही बिननावाचा.

फॅरर मूळचा शेतकरी नव्हे. १८४५ साली इंग्लंडात वेस्टमोरलँडला जन्म, केंब्रिजमध्ये गणिताची पदवी, मग डॉक्टर व्हायचं ठरलं तर क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी १८७० साली ऑस्ट्रेलियाला आला. हातातले पैसे खाणींच्या शेअरात बुडाले, म्हणून आधी घरगुती शिकवण्या, मग सरकारी भूमापन. मोजणीच्या कामाने त्याला खेडोपाडी फिरवलं आणि शेतकऱ्यांचं खरं दुखणं दाखवलं. इंग्लंडातून आणलेले गहू तिथे उशिरा पिकत, तोवर ऊन तापलेलं असे, आणि त्यातूनही जे वाचलं ते तांबेरा नावाचा बुरशीचा रोग खाऊन टाकी. १८८६ मध्ये नोकरी सोडून तो आजच्या कॅनबेराजवळ, मरंबिजी नदीकाठी लॅम्ब्रिग इथे राहायला गेला आणि थोड्याशा जमिनीत, पदरच्या पैशांनी, गव्हाचा संकर करू लागला.

गव्हाचा संकर म्हणजे काय प्रकार आहे हे जवळून पाहिल्याशिवाय त्या माणसाचा चिवटपणा कळत नाही. गव्हाचं फूल तुम्ही कधी पाहिलंय? शेतात वाढलेल्या माणसांनीही बहुधा नसेल. ओंबीतल्या एकेका तुसाच्या आत, दोन हिरव्या सालींच्या मिठीत, दाण्याएवढं फूल असतं. आत तीन परागकोश आणि दोन पिसांसारख्या कुंच्या. हे फूल उघडायच्या आतच स्वतःचे पराग स्वतःवर पाडून मोकळं होतं. उघडतं ते काही मिनिटांपुरतं, जणू उपचार म्हणून. म्हणजे दुसऱ्या जातीशी लग्न लावायचं तर पराग सुटण्याच्या एक-दोन दिवस आधी, फूल कोवळं हिरवं असतानाच, साली अलगद फाकवून तिन्ही परागकोश चिमट्याने काढायचे. एक जरी फुटला तरी ते फूल वाया. मग ओंबीवर पिशवी चढवायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या जातीचे पिवळे पराग आणून त्या पिसांवर झटकायचे, पुन्हा पिशवी. इतकं करून हाती येतात मोजके सुरकुतलेले दाणे. ते पेरायचे, त्यांची संतती पेरायची, आणि दुसऱ्या पिढीत शेकडो भावंडं शेकडो तऱ्हांची निघाली की त्यांतून हवी ती निवडत वर्षं घालवायची.

आणि हे सगळं कधी? आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापून कपाटात पडला होता, तो जगाला पुन्हा सापडला १९०० साली. फॅररचे संकर १८८९ पासूनचे. रोगाला दाद न देण्याचा गुण आईबापांकडून पोरांत उतरतो, तेव्हा दोन जातींचे गुण एकत्र आणता येतील, असं तो सांगत होता आणि तांबेऱ्यावरच्या परिषदांत लोक त्याला हसत होते. तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमाने उतरते, हे केंब्रिजच्याच रोलंड बिफनने दाखवलं ते १९०५ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी फॅरर वारला.

संकरासाठी त्याने जगभरातून बियाणं मागवलं. कॅनडाचा ‘फाइफ’ गहू भाकरीला, म्हणजे त्यांच्या पावाला, उत्तम, पण पिकायला आळशी. भारतातले गहू चटकन पिकणारे आणि पाण्याची ओढ सोसणारे. त्याने फाइफच्या एका सुधारित वाणाचा संकर ‘इटावा’ नावाच्या भारतीय गव्हाशी केला. इटावा म्हणजे यमुनाकाठचं, आजच्या उत्तर प्रदेशातलं. त्या जोडीतून ‘यांडिला’ निघाला. यांडिलाचा संकर ऑस्ट्रेलियातल्याच ‘पर्पल स्ट्रॉ’शी केला आणि त्यातून निवडलेल्या गव्हाला, देशाच्या वसाहतींचं संघराज्य झालं त्या १९०१ सालावरून, नाव दिलं ‘फेडरेशन’. आधी शेतकऱ्यांना तो पसंत पडला नाही. बुटका, ओंबी काळपट तपकिरी, सोन्यासारखं रान डुलण्याची हौस भागेना. पण तो लवकर पिके. उन्हाचा आणि तांबेऱ्याचा कडेलोट व्हायच्या आत घरात येई, आणि ताठ उभा राहत असल्यामुळे काढणीच्या यंत्राला सोपा जाई. पुढे बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त पेरला गेलेला गहू तोच. देशाच्या ऐक्याचं नाव मिरवणाऱ्या त्या गव्हाची एक आजी इटाव्याची होती, ही गोष्ट मला तरी आजवर कुणी सांगितली नव्हती.

त्याच्या यशात वाटेकरी होता गथ्री नावाचा सरकारी रसायनशास्त्रज्ञ. संकराच्या पहिल्या पिढ्यांत गहू मूठभरच असतो. त्याचा पाव कसा होईल हे कळावं कसं? गथ्रीने बाहुलीच्या घरात शोभावी अशी छोटी गिरणी बनवून घेतली आणि मूठभर गव्हाचं पीठ दळून तपासायला सुरुवात केली. पिठाचा दर्जा पाहून मगच जात पुढे न्यायची, हा शिरस्ता तिथून पडला.

फॅररने तांबेऱ्याला चुकवलं, हरवलं नव्हतं. हरवायला निघाला त्याच्या नंतरच्या पिढीतला, सिडनी विद्यापीठाचा वॉल्टर वॉटरहाउस. आणि इथे आपली खपली येते.

तांबेरा लागलेल्या पानावरून बोट फिरवलं तर बोटाला विटकरी भुकटी लागते. ती सगळी बीजुकं, बुरशीची. वाऱ्यावर शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर जातात. पण सगळा तांबेरा सारखा नसतो. दिसायला एकच, स्वभाव वेगळे. एक वंश या गव्हाला खातो, दुसरा त्या. भिंगाखालीही फरक दिसत नाही. तो ओळखायची युक्ती अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढली. बारा ठरावीक गव्हांचा संच घ्यायचा, प्रत्येकाच्या रोपावर आणलेला तांबेरा सोडायचा, आणि कुठल्या पानावर फोड उठतात, कुठल्यावर नुसता डाग पडून थांबतं, ते पाहायचं. बारा उत्तरांवरून वंश ठरवायचा. हा संच जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलला. त्या बारांतल्या एकाचं इंग्रजी शास्त्रीय ग्रंथांतलं नाव, कुठलाही बदल न करता, ‘खपली’.

हो, तोच. लाल, लांबट, टरफल न सुटणारा, म्हणून मळणीनंतरही कांडावा लागणारा. साताऱ्या-सांगलीपासून बेळगावपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या खिरीसाठी राखलेला. बाकीच्या अकरांवर जे वंश धुमाकूळ घालत, त्यांतले बहुतेक खपलीच्या पानावर नुसता ठिपका उमटवून मरत. जगातल्या कुठल्या तरी काचघरात तांबेऱ्याचा नवा वंश सापडला की आधी पाहायचं, हा खपलीला लागतो का?

वॉटरहाउसने १९२१ पासून ऑस्ट्रेलियातल्या तांबेऱ्याची अशी शिरगणती सुरू केली. एवढ्यावर न थांबता त्याने खपलीचा तो गुण पावाच्या गव्हात उतरवायचं ठरवलं. हे फॅररच्या कामापेक्षाही अवघड, कारण खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रं आणि पावाच्या किंवा आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हात ४२. अशा विजोड लग्नाची संतती बहुतेक वांझ निघते. तरी त्याने ‘स्टाइनवेडेल’ नावाच्या गव्हाशी खपलीचा संकर तडीस नेला आणि त्या वाणाला नाव दिलं ‘खपस्टाइन’. अर्धं मराठी आणि अर्धं जर्मन वळणाचं हे नाव आजही गव्हाच्या जनुकांच्या याद्यांत आहे. खपलीतून ओळखलं गेलेलं ‘एसआर१३’ हे जनुक तर युगांडात १९९८ साली दिसलेल्या आणि साऱ्या जगाची झोप उडवलेल्या ‘यूजी९९’ या तांबेऱ्याच्या कुळापुढेही टिकलं. खपलीला मधुमेहावरचं औषध म्हणून दुप्पट भावाने विकणाऱ्या दुकानांच्या पाटीवर यातलं काहीच नसतं, आणि मला वाटतं ते असायला हवं.

आपल्याकडचा तांबेरा मात्र वेगळ्याच वाटेने येतो. मैदानात उन्हाळ्यात गहू नसतो आणि उष्णताही बुरशीला सोसत नाही; मग दरवर्षी हिवाळ्यात ती उगवते कुठून? आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे कोडं सोडवलं. तांबेरा थंड डोंगरांत उन्हाळा काढतो, उत्तरेत हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या टेकड्यांत, आणि वाऱ्यापावसाबरोबर खाली उतरतो. त्याच थंडाव्यासाठी आपलं गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे. स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, की जवळच तांबेरा मुद्दाम जोपासला जातो, गव्हाच्या नव्या वाणांची परीक्षा घ्यायला?

वॉटरहाउसच्याच हातचा आणखी एक गहू, ‘गाबो’, पुढे मेक्सिकोला गहूसंशोधक नॉर्मन बोरलॉगच्या शेतात गेला. तिथे जपानी बुटक्या गव्हाच्या रक्ताशी त्याची गाठ पडली, आणि त्या संकरातली एक निवड साठच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आली, ‘कल्याणसोना’ म्हणून. हरितक्रांतीचा हाच तो गहू. काही वर्षांत त्यालाही तांबेऱ्याने गाठलं, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू. बुरशीही स्वस्थ बसत नाही.

टॅमवर्थच्या मुलांचं दुसरं सत्र एप्रिलच्या अखेरीस सुरू होतं, आणि मग रानात काय घालायचं हे ठरवायची घाई होते. सळई मीटरभर खाली गेली तर पेरा, हातभरातच अडली तर थांबा, इतकं सरळ. फार लवकर पेरलं तर फुलोरा थंडीच्या कडाक्यात सापडतो, उशीर झाला तर दाणा भरताना ऊन. गव्हामागून गहू घेत राहिलं तर मुळकुजीसारखे रोग मातीत बसतात, म्हणून मध्ये कडधान्य हवं, आणि या भागातलं लाडकं कडधान्य म्हणजे हरभरा. ऑस्ट्रेलियाच्या हरभऱ्याच्या नव्या जाती काढण्याचं कामच मुळी टॅमवर्थच्या सरकारी संशोधन केंद्रात चालत आलंय. स्वतः ते लोक हरभरा फारसा खात नाहीत. खाणारे आपण.

त्यामुळे तिथल्या पेरणीला एक असा घटक लागू होतो जो सळईने मोजता येत नाही. २०१७ च्या डिसेंबरात भारताने हरभऱ्यावर आयातशुल्क बसवलं, २०१८ मध्ये ते साठ टक्क्यांवर नेलं, आणि तिकडचा पेरा आक्रसला. २०२४ च्या मे महिन्यात, बरोबर त्यांच्या पेरणीच्या तोंडावर, ते शून्यावर आणलं. पेरा पुन्हा भरभरून झाला. २०२५ च्या एप्रिलपासून ते दहा टक्के केलं. हे आकडे इकडे अकोल्या-लातूरच्या आडत्यांना पाठ असतात, तसेच तिकडच्या शेतकऱ्यांनाही. तिथली काढणी दिवाळीच्या आगेमागे होते. जहाजं न्हावाशेवा आणि मुंद्र्याला लागतात, आणि त्या काळ्या मातीतला उन्हाळी पाऊस आपल्या बाजारात डाळीच्या पोत्यांतून उतरतो.